कार्डाने दिलेले पैसे बँक परत का देत नाही?

‘कार्डाने पैसे दिलेत ना, मग काळजी कशाची? माल खराब निघाला तर बँकेला कळवायचे, बँक पैसे परत आणून देते.’ हे वाक्य आम्ही बाजारात कितीदा तरी ऐकले आहे, आणि खरे सांगायचे तर दुसऱ्यांना ऐकवलेही आहे. २०२३ साली ४६,००० रुपयांच्या निमित्ताने आम्हाला कळले की हा समज अर्धाच खरा आहे. उरलेला अर्धा भाग आपल्या व्यापारी व कारागीर बंधूंना माहीत असावा, एवढ्यासाठी हा लेख.

मालेगावात आमचे कापडाचे दुकान आहे. मागच्या बाजूला चार कारागीर परकर व गाऊन शिवतात. त्या वर्षी रमजानच्या हंगामापूर्वी दोन ओव्हरलॉक यंत्रे घ्यायची ठरली. परराज्यातील एका विक्रेत्याकडे प्रत्येकी २३,००० चा भाव मिळाला. मुलाने मोबाईलवर ऑर्डर दिली, आमच्या क्रेडिट कार्डाचा नंबर टाकला, आमच्या फोनवर आलेला ओटीपी आम्हीच वाचून सांगितला. तारीख ९ फेब्रुवारी. २१ फेब्रुवारीला ट्रान्सपोर्टने दोन खोकी आली. एक यंत्र उत्तम निघाले. दुसऱ्याची नंबरपट्टी घासलेली, टेबलाखाली जुन्या तेलाचे डाग, आणि टाका धड बसत नव्हता. वापरलेले यंत्र रंग देऊन नवे म्हणून पाठवले आहे, हे आमच्या जुन्या कारागिराने पाच मिनिटांत ओळखले.

आम्ही फोन केला. विक्रेता गोड बोलला. ‘शेठ, माणूस पाठवतो, नाही जमले तर पैसे परत.’ आठवड्यातून दोनदा फोन होत राहिले. २० मार्चला एक मिस्त्री आला, दोन स्क्रू आवळून गेला. चार दिवसांत रमजान सुरू झाला, ऑर्डरी अंगावर आल्या, आणि ईदपर्यंत ते यंत्र आम्ही जसे चालेल तसे चालवले. हंगामात कारागिराला रिकामे बसवणे कोणाला परवडते? ईद झाली, मे महिना उजाडला, तेव्हा विक्रेत्याने फोन उचलणे बंद केले होते. मग आम्हाला बँक आठवली.

८ मे रोजी मुलाने बँकेच्या मोबाईल ॲपवर तक्रार टाकली. तक्रारीच्या कारणांची यादी होती, त्यात पहिलेच कारण होते की हा व्यवहार मी केलेला नाही. मुलाने घाईत तेच निवडले. २९ मे रोजी इंग्रजीत दोन ओळींचे उत्तर आले. आमचे शिक्षण उर्दू शाळेत झाले, हिशेब आजही मनातल्या मनात उर्दूतच चालतो, त्यामुळे इंग्रजी पत्र आले की ते आम्ही मुलाच्याच हाती देतो. त्याने वाचले आणि गप्प बसला. विचारले तर म्हणाला, ‘अब्बा, ते म्हणतात ओटीपी बरोबर टाकला आहे, म्हणून तक्रार नामंजूर.’

आम्हाला राग आला. यंत्र खराब आहे असे आम्ही म्हणतो आणि बँक ओटीपीचे सांगते! पण नीट पाहिले तर बँकेचे उत्तर चुकीचे नव्हते, आमचा सवालच चुकीचा होता. व्यवहार आम्ही केलाच होता. १४ जूनला दुसरा अर्ज दिला, या वेळी माल खराब असल्याच्या कारणाने. बँकेने कागद मागवले. माल परत पाठवल्याची किंवा परत घ्या म्हटल्याची लेखी नोंद, विक्रेत्याशी झालेला पत्रव्यवहार, दोष दाखवणारा कोणा जाणकाराचा दाखला. आमच्याकडे होते काय? बिल, आणि फोनवर केलेल्या बोलण्याची आठवण. ३ जुलैला दुसरा नकार आला. माल वापरात आहे, तो परत करण्याचा प्रयत्न केल्याचा पुरावा नाही, आणि एका यंत्राबद्दल तक्रार असताना मागणी मात्र दोन्ही यंत्रांच्या रकमेची आहे.

आम्ही शाखेत गेलो. तेथील अधिकारी बाई आमच्या मुलीच्या वयाच्या, शांतपणे ऐकून घेतले. शेवटी म्हणाल्या, ‘काका, तुमचे खरे असेल. पण तुमचे यंत्र इथे कोणी पाहणार नाही. इथे फक्त कागद येतो.’

कापडाच्या धंद्यात आयुष्य गेलेल्या माणसाला ही गोष्ट पटायला जड जाते. आमच्याकडे ताका खराब निघाला की तो दलालासमोर उलगडला जातो. दलाल दोघांना ओळखतो, बोटाने सूत चाचपतो, कोणाचे किती चुकले ते सांगतो, आणि बट्टा ठरतो. कार्डाच्या व्यवहारात असा दलाल नाही. तेथे ताका कोणी उलगडत नाही. तो गैरसमज दूर करण्यासाठी पैसा कसा फिरतो ते आधी पाहू.

आपण कार्ड चालवतो तेव्हा चार पक्ष असतात. आपण, आपल्याला कार्ड देणारी बँक, दुकानदार, आणि दुकानदाराला मशीन किंवा पेमेंटची सोय देणारी त्याची बँक. दोन बँकांच्या मध्ये व्हिसा, मास्टरकार्ड किंवा आपल्या देशातील नॅशनल पेमेंट्स कॉर्पोरेशनने २०१२ साली आणलेले रुपे, यांपैकी एखादे जाळे असते. आपण तक्रार केली की आपली बँक या जाळ्यामार्फत दुकानदाराच्या बँकेकडून रक्कम परत मागते. याला चार्जबॅक म्हणतात. म्हणजे परत येणारा पैसा बँकेच्या खिशातून येत नाही, तो दुकानदाराच्या खात्यातून ओढला जातो. दुकानदाराला उत्तर देण्याचा हक्क असतो. त्याने कागद दाखवले तर रक्कम पुन्हा त्याच्याकडे जाते. बँक येथे न्यायाधीश नाही. ती आपली तक्रार ठरावीक नियमांच्या चौकटीत बसते का एवढे पाहते. बसत नसेल तर पुढे पाठवतच नाही, कारण तेथे हरणार हे तिला माहीत असते.

इंग्लंडात राहणारे आपले नातेवाईक सांगतात की तिकडे क्रेडिट कार्डवाला बँकेलाच जबाबदार धरतो. ते खरे आहे, पण तो तिकडचा कायदा आहे. तेथील १९७४ च्या ग्राहक कर्ज कायद्याच्या कलम ७५ प्रमाणे १०० पौंडांहून अधिक व ३०,००० पौंडांपर्यंत किमतीच्या वस्तूबाबत विक्रेत्याने करार मोडला तर कार्ड देणारी संस्थाही त्याच्याइतकीच जबाबदार असते. आपल्याकडे खराब मालाबाबत मुख्य आधार आहे तो कार्डाच्या जाळ्यांच्या नियमांचा. तिकडच्या गोष्टी ऐकून इकडे बँकेशी भांडण्यात अर्थ नाही.

आता नकाराची कारणे. सर्वांत मोठे कारण तेच, ज्याने आमचा पहिला अर्ज गेला. तक्रारीचा प्रकार चुकतो. मी व्यवहार केलाच नाही, माल मिळालाच नाही, माल सांगितल्यासारखा नाही, दुकानदाराने परतावा कबूल करून दिला नाही, एकच रक्कम दोनदा कापली, या पाच अगदी वेगवेगळ्या तक्रारी आहेत. प्रत्येकीला वेगळे पुरावे लागतात. आपले लोक अर्जात सर्व काही एकत्र लिहितात. माल खराब होता, उशिरा आला, दुकानदार उद्धट बोलला, आम्हाला फसवले. यातून बँकेला कोणते कारण घ्यावे ते कळत नाही आणि ती बहुधा सर्वांत कमकुवत कारण घेते.

यात ‘मी व्यवहार केला नाही’ हे कारण आपल्या देशात सर्वांत लवकर फेटाळले जाते. ऑनलाइन कार्ड व्यवहाराला दुसरी खूण, म्हणजे पासवर्ड किंवा ओटीपी, रिझर्व्ह बँकेने १ ऑगस्ट २००९ पासून सक्तीची केली. डेबिट कार्डाला दुकानातही पिन लागू लागला तो डिसेंबर २०१३ पासून. पिन किंवा ओटीपी बरोबर पडला असेल तर यंत्राच्या लेखी तो व्यवहार आपणच केला. नुसते कार्ड टेकवून होणारे व्यवहार याला अपवाद आहेत. १ जानेवारी २०२१ पासून त्यांची मर्यादा २,००० वरून ५,००० रुपये करण्यात आली. तेथे पिनशिवाय पैसे जातात, म्हणून कार्ड हरवले की त्याच घटकेला ते बंद करणे हाच उपाय.

खरोखर चोरी झाली असेल तर गोष्ट वेगळी. ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकात रिझर्व्ह बँकेने सांगितले की चूक ग्राहकाचीही नाही आणि बँकेचीही नाही, अशा बाहेरच्या चोरीची खबर बँकेकडून कळल्यापासून कामकाजाच्या तीन दिवसांत दिली तर ग्राहकाचे नुकसान शून्य. चार ते सात दिवसांत दिली तर त्याच्यावर ठरावीक मर्यादेपर्यंतच बोजा. लहान व मध्यम उद्योगांच्या चालू खात्यासाठी त्या परिपत्रकात ही मर्यादा १०,००० रुपये होती. पण त्याच परिपत्रकात हेही होते की ग्राहकाने स्वतःच ओटीपी किंवा पिन दुसऱ्याला सांगितला असेल, तर खबर देईपर्यंतचे सगळे नुकसान त्याचे. ‘बँकेतून बोलतोय’ म्हणणाऱ्याला ओटीपी वाचून दाखवलेल्या माणसाला बँक नकार देते तो या आधारावर. या नियमांत वेळोवेळी बदल होत असतात, तेव्हा आपल्या बँकेचे आजचे लेखी धोरण मागून घ्यावे. आणि असा प्रकार घडलाच तर बँकेसोबत १९३० या सरकारी क्रमांकावर त्याच तासाला फोन करावा. पैसा पुढच्या खात्यात अडकवता आला तर तो सुरुवातीच्या काही तासांतच अडकतो.

दुसरे कारण मुदत. व्हिसा व मास्टरकार्डमध्ये खराब माल वा न मिळालेल्या मालाच्या तक्रारीला साधारण १२० दिवस असतात. हे दिवस बहुतेक वेळा माल मिळाल्यापासून, किंवा मिळायला हवा होता त्या तारखेपासून मोजतात. आमची मुदत २१ जूनला संपत होती, दुसरा अर्ज आम्ही १४ जूनला दिला. सात दिवस शिल्लक होते, पण नवे कागद जमवायला ते पुरे नव्हते. शिवाय हे १२० दिवस बँकांच्या आपसातील आहेत. पुष्कळ बँकांच्या करारपत्रात ग्राहकासाठी याहून कमी मुदत लिहिलेली असते, कारण बँकेलाही तयारीला वेळ हवा. विक्रेते हे जाणून असतात. ‘पुढच्या जुम्याला बघू’, ‘मालक गावी गेले आहेत’ असे करत दिवस घालवतात. आमचा विक्रेता जाणून होता की नाही ते अल्लाह जाणे, पण फोनवरच्या त्याच्या गोड बोलण्याने आमचे अडीच महिने गेले एवढे खरे.

उलट घाईही नडते. माल अजून वाटेत आहे आणि आपण चार दिवसांत तक्रार टाकली, तर ती परत येते. दुकानदाराने परतावा पाठवला आहे पण खात्यात दिसत नाही, अशा वेळीही बँक बहुधा सुमारे पंधरा दिवस थांबायला सांगते.

तिसरे कारण म्हणजे विक्रेत्याला आधी लेखी कळवलेले नसणे. नियमाप्रमाणे खराब मालाच्या तक्रारीत ग्राहकाने प्रथम विक्रेत्याशी मिटवण्याचा प्रयत्न करावा लागतो आणि माल परत द्यावा किंवा परत देण्याची तयारी दाखवावी लागते. येथे आमचा पुरता घात झाला. विक्रेता फोनवर तीनदा ‘पैसे परत करतो’ म्हणाला होता. हेच एक वाक्य त्याने व्हॉट्सॲपवर लिहिले असते, तर आमची तक्रार ‘परतावा कबूल केला पण दिला नाही’ या कारणाखाली गेली असती. त्यात यंत्र खरे की खोटे हा वादच उरत नाही. आणि त्याने लिहिले नाही, तरी आम्ही तर लिहू शकत होतो! ‘आज आपण फोनवर अमुक कबूल केलेत, यंत्र घेऊन जाण्यासाठी गाडी पाठवावी’ एवढ्या दोन ओळी. उधारीचा व्यवहार लिहून ठेवा ही शिकवण आपल्याला लहानपणापासून आहे. दुकानाच्या वहीत आम्ही एक रुपया सोडत नाही, आणि येथे ४६,००० चा मामला तोंडी ठेवला.

माल वापरणे हे चौथे कारण, आणि आपल्या कारागीर बंधूंसाठी तेच सर्वांत अवघड. जांगड मालाची रीत आपल्याला ठाऊक आहे. पसंत पडला तर ठेवा, नाही तर जसाच्या तसा परत. जांगड आणलेल्या साडीची घडी मोडून ती नेसली तर कोणता व्यापारी परत घेईल? खराब यंत्राचेही तसेच. दोष दिसला त्या दिवशी ते बंद करून, फोटो काढून, खोक्यात घालून ठेवले पाहिजे. आम्ही ते महिनाभर चालवले. विक्रेत्याला हे सिद्ध करण्याचीही गरज पडली नाही, मिस्त्री पाठवा म्हणून आम्हीच केलेल्या तक्रारीत ‘रोज चालवताना टाका सुटतो’ असे लिहिले होते. तो एकच लेखी संदेश आमच्याकडे होता, आणि तो आमच्याच विरोधात गेला.

रकमेची गोष्ट थोडक्यात. जेवढा माल खराब तेवढ्याचीच मागणी करावी. २३,००० ऐवजी ४६,००० मागून आम्ही आपला अर्ज स्वतःच हलका केला.

आगाऊ रकमेच्या व्यवहारात विक्रेत्याच्या अटी आडव्या येतात. उमराहच्या टूरसाठी, लग्नाच्या हॉलसाठी, विमानाच्या तिकिटासाठी कार्डाने पैसे भरले आणि मग आपल्याच अडचणीने जाणे रद्द झाले, तर बँक काही करू शकत नाही. ज्या कागदावर आपण दस्तखत केले किंवा मोबाईलवर मान्य केले, त्यात ‘रद्द केल्यास रक्कम परत नाही’ असे असते आणि दुकानदार तोच कागद पाठवतो. मात्र टूरवाल्यानेच सफर रद्द केली किंवा दुकानच बंद केले, तर ती सेवा न मिळाल्याची तक्रार होते. त्यात दिवस सफरीच्या ठरलेल्या तारखेपासून मोजले जातात, परंतु व्हिसाच्या नियमात मूळ व्यवहारापासून ५४० दिवसांच्या पलीकडे नाही. पुष्कळ लोक पैसे भरून सहा महिने झाले म्हणून आशा सोडतात. तसे करू नये.

वॉलेटमध्ये भरलेल्या पैशाचाही असाच गोंधळ होतो. कार्डाने वॉलेट भरले की कार्डाच्या लेखी सेवा तेथेच पूर्ण झाली. पुढे त्या वॉलेटमधून घेतलेला माल खराब निघाला तर कार्डाच्या बँकेकडे दाद नाही, वॉलेटच्या कंपनीकडे जावे लागते.

आणखी एक कारण बँका उघडपणे सांगत नाहीत. दुकानदाराने उत्तर दिले आणि तरीही आपल्याला ते मान्य नसेल, तर प्रकरण जाळ्याच्या लवादाकडे नेता येते. पण लवादात हरणाऱ्या बँकेला शेकडो डॉलर शुल्क पडते. पाच-सात हजारांच्या तक्रारीसाठी कोणती बँक हा धोका घेईल? तेव्हा लहान रकमेत आपण खरे असूनही प्रकरण मधेच सोडले जाऊ शकते. यासाठी पहिल्याच अर्जात सगळे कागद एकदम आणि नीट द्यावेत.

सुरुवातीला बँक कधी कधी वादातील रक्कम खात्यात जमा करते. लोक पेढे वाटतात. ती जमा तात्पुरती असते. निकाल विरुद्ध गेला की तीच रक्कम पुन्हा नावे पडते. तसेच वाद चालू आहे म्हणून क्रेडिट कार्डाचे बिल थकवणे धोक्याचे, खराब मालाच्या वादात व्याज सुरू होऊ शकते. आम्ही व्याज टाळतो, म्हणून रक्कम पूर्ण व वेळेवर भरली आणि मग भांडलो. फसवणुकीच्या व्यवहाराबाबत नियम वेगळे आहेत, ते बँकेला विचारून घ्यावेत.

एका बाबतीत मात्र ग्राहकाला वाद घालावाच लागू नये. दुकानात कार्ड चालवले, खात्यातून पैसे गेले, पण दुकानदाराच्या मशीनवर व्यवहार पूर्ण झाल्याची खूण आली नाही, तर तो फसलेला व्यवहार होय. रिझर्व्ह बँकेच्या २० सप्टेंबर २०१९ च्या परिपत्रकाप्रमाणे असे पैसे व्यवहाराच्या दिवसानंतर पाच दिवसांत आपोआप परत आले पाहिजेत, आणि उशीर झाला तर रोज १०० रुपये भरपाई. गिऱ्हाईक दुसऱ्यांदा कार्ड चालवण्यापूर्वी दुकानदाराने पहिली चिठ्ठी, भले ती नामंजूरची असो, त्याच्या हाती द्यावी.

आता काउंटरच्या आतल्या बाजूने पाहू, कारण आपले बहुतेक वाचक घेणारेही आहेत आणि विकणारेही. बँक ग्राहकाला नकार देते तेव्हा पलीकडे कोणा दुकानदाराची रक्कम वाचलेली असते. एकदा ती आमची होती. भुसावळच्या एका दुकानदाराने फोनवर ऑर्डर दिली, आम्ही पाठवलेल्या लिंकवर कार्डाने ३१,२०० रुपये भरले. माल ट्रान्सपोर्टने गेला. महिन्याभराने आमच्या चालू खात्यातून तेवढीच रक्कम नावे पडली. विचारले तर कळले की माल मिळाला नाही अशी गिऱ्हाइकाची तक्रार आहे, उत्तरासाठी कामकाजाचे पाच दिवस. यंत्राच्या प्रकरणात हात पोळलेले असल्याने आम्ही या वेळी फोन केला नाही. बिल, बिल्टीची प्रत, आणि भुसावळच्या गोदामात जाऊन डिलिव्हरी वहीच्या त्या पानाचा फोटो, ज्यावर त्या दुकानाचा शिक्का व सही होती, हे तिन्ही कागद चौथ्या दिवशी बँकेत दिले. दीड महिन्याने रक्कम परत आली. नंतर समजले की माल त्या दुकानदाराच्या भावाने सोडवला होता आणि भावाभावांत बोलणे नव्हते.

चामड्याच्या पिशव्या बनवणारे आमचे एक परिचित असेच सापडले, त्यांनी मात्र गिऱ्हाइकाला फोन केला. गिऱ्हाईक म्हणाला, ‘चाचा, माझी चूक झाली, तक्रार मागे घेतो.’ त्यांनी भरवसा ठेवला, बँकेला कागद दिले नाहीत. मुदत संपली आणि रक्कम गेली. दुकानदाराने उत्तर दिले नाही तर ती कबुली समजली जाते, मग माल कितीही खरा असो.

आखातात असलेल्या नातेवाइकांच्या कार्डावर माल पाठवणाऱ्यांनी आणखी सावध राहावे. परदेशी कार्डावर ओटीपीशिवाय रक्कम जमा होऊ शकते, आणि मग कार्डवाल्याने ‘मी घेतले नाही’ म्हटले तर बोजा बहुधा विक्रेत्यावर पडतो.

आणि ‘एकदा विकलेला माल परत घेतला जाणार नाही’ हा बिलावरचा शिक्का आपल्याला वाचवील या भ्रमात कोणी राहू नये. २० जुलै २०२० पासून लागू झालेल्या २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात सदोष माल बिलावर लिहिलेल्या मुदतीत, आणि मुदत लिहिली नसेल तर तीस दिवसांत, परत न घेणे ही अनुचित व्यापारी प्रथा ठरवली आहे. आम्ही आमचा शिक्का बदलला. आता बिलावर ‘विणकामातील किंवा रंगातील दोष सात दिवसांत बिलासह दाखवावा, शिवलेले वा धुतलेले कापड परत नाही’ असे छापतो. असे बिल दाखवले तर बँकेला काही वाचायला मिळते.

बँकेचा नकार हा अखेरचा शब्द नव्हे. नकाराचे कारण लेखी मागावे, तो आपला हक्क समजून. कारण बँकेच्या चुकीचे असेल, उदाहरणार्थ तिने अर्ज वेळेत पुढे पाठवला नाही, तर बँकेकडे लेखी तक्रार करून ३० दिवस वाट पाहावी आणि मग रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जावे. २०२१ च्या नोव्हेंबरात एकत्रित लोकपाल योजना सुरू झाली, तक्रारीला शुल्क नाही. पण लोकपाल बँकेची सेवा तपासतो, यंत्राचा टाका नाही. मालाचे भांडण विक्रेत्याशी आहे, त्याची जागा जिल्हा ग्राहक आयोग. मुदत दोन वर्षांची, पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क माफ, आणि २०१९ च्या कायद्याने आपण राहतो त्या जिल्ह्यात दावा लावता येतो, विक्रेत्याच्या गावी खेटे घालावे लागत नाहीत. आधी सल्ला हवा असेल तर राष्ट्रीय ग्राहक मदतवाहिनीचा क्रमांक १९१५ आहे.

आम्ही वकिलांना विचारले. त्यांनी पहिलाच प्रश्न केला, ‘शेठ, यंत्रावर बसतो कोण?’ आमच्याकडे पगारी कारागीर बसतात, म्हणून ती खरेदी धंद्यासाठी धरली जाईल आणि आयोगात आमचे ग्राहकपणच वादात येईल. तेच यंत्र एखाद्या शिलाई कारागिराने स्वतः चालवून पोट भरण्यासाठी घेतले असते, तर कायदा त्याला ग्राहक मानतो. ४६,००० च्या बिलात आमचा वाद २३,००० चा. दिवाणी दाव्याचा खर्च ऐकून आम्ही घरी आलो.

ते यंत्र अजून आमच्याकडेच आहे. इथल्याच एका मिस्त्रीने लूपर बदलून १,८०० रुपयांत ते बरे चालते केले. गेल्या हंगामात आम्ही आणखी एक यंत्र मागवले तेव्हा खोके उघडताना मुलाने मोबाईलवर चित्रण केले, नंबरपट्टीचा फोटो त्याच दिवशी विक्रेत्याला पाठवला आणि ‘माल मिळाला, तपासत आहोत’ असे लिहून त्याचे उत्तर येईपर्यंत कारागिराला त्यावर बसू दिले नाही. कारागीर दोन दिवस कुरकुरला.